जुनी मोटरबोट घेण्यापूर्वी इंजिन कसे तपासावे

खिंडसी किंवा गोसीखुर्दसारख्या जलाशयावर चालवण्यासाठी जुनी मोटरबोट शोधणाऱ्या नागपूरकराला बहुधा मुंबई, अलिबाग किंवा गोव्याकडचीच बोट मिळते. म्हणजे जे इंजिन यापुढे गोड्या पाण्यात चालायचे आहे, त्याचे आजवरचे आयुष्य खाऱ्या पाण्यात गेलेले असते. मुंबईजवळून समृद्धी महामार्गाने सुमारे ७०० किलोमीटर ट्रकवर आणलेली बोट दोष निघाल्यास परत पाठवणे परवडत नाही. म्हणून बोट जिथे आहे तिथेच इंजिन आधी थंड असताना आणि मग पाण्यात उतरवून पूर्ण भाराखाली तपासावे, आणि या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय विसारही देऊ नये. येथे मुख्यतः आउटबोर्ड इंजिनाचा, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर बसवलेल्या इंजिनाचा विचार केला आहे, कारण लहान बोटींना बहुधा तेच असते.

आपण पोहोचण्यापूर्वी इंजिन सुरू करू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे आणि गेल्याबरोबर झाकण काढून इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट लागले, तर थंड अवस्थेत सुरू होण्याची त्याची अडचण आपल्यापासून लपवली गेली, असे समजायला हरकत नाही. अशा वेळी इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी यावे. झाकणाखाली बोल्टांच्या कडांना साठलेले पांढरे क्षार, वायरींच्या टोकांवरचा हिरवट थर आणि रंगाला आलेले फोड ही खाऱ्या पाण्याची खूण असते. थोडाफार गंज समुद्रावरच्या प्रत्येक इंजिनाला असतोच, त्याने घाबरून जाऊ नये; पण सिलिंडर हेडच्या आसपासच तेवढा ताजा रंग दिसला, तर तो का द्यावा लागला याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये.

यानंतर तेल पाहावे. चार-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पातळी खुणेच्या बरीच वर असून पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधन ऑइलमध्ये उतरत आहे. खालच्या गिअरपेटीची तपासणी मात्र अनेक जण विसरतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठा खर्च तिथेच दडलेला असतो. इंजिन रात्रभर उभ्या स्थितीत ठेवलेले असेल, तर सकाळी तळाचा स्क्रू किंचित सैल करून चार थेंब बाहेर येऊ द्यावेत. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते आणि शिरलेले असल्यास आधी तेच बाहेर येते. तेल कॉफीत दूध घातल्यासारखे दिसले, तर पाणी आत येऊ न देणारे सील गेले आहे. प्रॉपेलरच्या दांड्याभोवती गळाचा नायलॉन दोरा गुंडाळला जाऊन सील कापले जाणे हे याचे नेहमीचे कारण; म्हणून प्रॉपेलर काढून तिथेही पाहावे. स्क्रूच्या चुंबकी टोकावर बारीक राखाडी लुकण असेल तर ती नेहमीची झीज. नखाला टोचतील असे धातूचे तुकडे असतील, तर गिअर तुटू लागले आहेत.

कॉम्प्रेशन चाचणीसाठी, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो हे मोजण्यासाठी, ओळखीचा मेकॅनिक आणि गेज सोबत न्यावे, विक्रेत्याच्या माणसावर विसंबू नये. सगळे स्पार्क प्लग काढून, चालक पडल्यास इंजिन बंद पाडणाऱ्या सुरक्षा-दोरीची क्लिप काढून इग्निशन बंद ठेवून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडर स्टार्टरने फिरवावा. नेमका आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे खरे महत्त्व आकड्यांमधल्या फरकाला आहे: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा अधिक तफावत असेल, तर व्यवहार थांबवावा. चार-स्ट्रोक इंजिनाच्या कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले, तर हेड गॅस्केटचा संशय सर्वांत आधी घ्यावा. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडून पाहावेत. एकच प्लग काळा व ओला किंवा एकच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरकडे पुन्हा लक्ष द्यावे.

आता इंजिन सुरू करावे, मात्र पाण्याशिवाय काही सेकंदही नाही, कारण थंड करणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की लगेच खराब होतो. सुरू होताच मागच्या छिद्रातून पाण्याची धार जोरात आणि सलग यायला हवी. आपल्याकडच्या मे महिन्यात आणि जलपर्णीने भरलेल्या तलावांत थंडाव्याची ही व्यवस्था आधीच ताणलेली असते, त्यामुळे समुद्रावर जेमतेम चाललेले इंजिन इथे तापणार हे धरून चालावे. इम्पेलर शेवटचा कधी बदलला ते विचारावे. दोन-तीन वर्षे झाली असतील, तर त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

धक्क्यावर गोड चालणारे इंजिन भाराखाली दम तोडू शकते, म्हणून पाण्यावरची फेरी टाळू नये. नेहमीइतकी माणसे बसवून किमान वीस मिनिटे बोट चालवावी आणि मोकळ्या पाण्यात काही काळ थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा पाहावा. अनेक चार-स्ट्रोक आउटबोर्डांची मर्यादा मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या आसपास असते, नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावी. इंजिन तिथपर्यंत पोहोचत नसेल, तर प्रॉपेलर चुकीचा आहे किंवा इंजिनातच ताकद उरलेली नाही. फेरीच्या शेवटी गिअर पुढे, न्यूट्रल, मागे असा टाकून पाहावा आणि इंजिन बंद करून गरम असतानाच पुन्हा सुरू करावे.

इलेक्ट्रॉनिक इंजिन असल्यास संगणक जोडून चाललेले तास आणि साठलेले दोष वाचून घ्यावेत. तासांची संख्या कमी असणे ही नेहमी चांगली गोष्ट नसते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या टाकीतल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने ओलावा धरलेला असतो. इंजिनावरचा अनुक्रमांक नोंदणीच्या कागदांशी जुळवून पाहावा, तो खरवडलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, बोट घेऊ नये.

बोट नागपूरला आल्यावर पहिल्यांदा पाण्यात उतरवण्यापूर्वी इंजिनावरचे अॅनोड, म्हणजे स्वतः झिजून इंजिनाला गंजण्यापासून वाचवणारे धातूचे तुकडे, बदलावेत. समुद्रासाठी लावलेल्या जस्ताच्या अॅनोडवर गोड्या पाण्यात थर चढतो आणि ते निकामी होतात. आपल्या तलावांसाठी मॅग्नेशियमचे अॅनोड योग्य. बोट पुन्हा कधी समुद्रावर न्यायची असेल, तर अॅल्युमिनियमचे घ्यावेत.