संध्याकाळच्या भुकेला खमंग काकडी

संध्याकाळी ५-६ला काहीतरी चटपटीत हवं असतं आणि हात फरसाणच्या डब्याकडे जातो, तेव्हा आधी खमंग काकडी करून बघा, १० मिनिटांचं काम आहे. २ कोवळ्या काकड्या घ्या, आधी टोकाचा तुकडा खाऊन बघायचा हं, एक कडू निघाली की सगळं वाया. किसू नका, किसली की नुसतं पाणी होतं, चोचवून घ्या म्हणजे काकडी हातात धरून सुरीने उभे आडवे घाव घालत बारीक कापायची, आमच्याकडे आजी अशीच करायची आणि तो कुरकुरीतपणा किसणीला जमतच नाही. मग हलक्या हाताने पिळायची, ते पाणी फेकू नका, ताकात घाला किंवा कणकेत जातं.

त्यात २ चमचे दाण्याचं कूट, थोडं ओलं खोबरं, कोथिंबीर, अर्धं लिंबू, चिमूटभर साखर. वरून १ चमचा तुपात जिरं आणि २ हिरव्या मिरच्यांची फोडणी, उपास नसेल तर हिंग पण. मिरची तुपात नीट तडतडू द्या, सगळा खमंगपणा तिथेच आहे.

मीठ मात्र अगदी खायला बसताना घालायचं, काकडीत ९५ टक्के पाणीच असतं, आधी घातलं तर वाटीत तळं साचतं. कूट पण हात राखून, काकडी हलकी असली तरी दाणे हलके नसतात. डब्यात न्यायची असेल तर मीठ-लिंबू वेगळं न्या.