म्हातारं, आजारी कुत्रं: सुई द्यायची की थांबायचं, हे कसं ठरवावं

वावराची जागल करणारं, कोठ्यापाशी निजणारं कुत्रं दहा-बारा वर्षांचं झालं की कधीतरी उठायला कुरकुरतं, भाकरीला तोंड लावत नाही आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, डॉक्टरला बोलवा आणि सुईनं मरण देऊन मोकळं करा. दुसरा म्हणतो, आपलं आपण जाईल, पाप कशाला घ्यायचं? तपासणी न करता सुई देणं चूक, आणि तपासणी झाल्यावर, बरं होणार नाही हे कळल्यावरही महिनोन्‌महिने थांबणं त्याहून मोठी चूक. 'आपलं आपण जाणं' म्हणजे पुष्कळदा मूत्रपिंडं निकामी होऊन चार-पाच दिवस उलट्या आणि झटके, किंवा उठता येत नाही म्हणून शेपटीखाली अळ्या.

आधी बघा, हे म्हातारपण आहे की बरा होणारा आजार

आपल्याकडे 'आता याचं संपलं' असं वाटायला लावणारं पहिलं कारण म्हणजे गोचीड ताप. खाणं बंद, अंग गरम, हिरड्या पांढुरक्या, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, कधी नाकातून रक्त. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून गरम लागलं म्हणून ताप आहे असं धरू नका. गुदद्वारात थर्मामीटर लावूनच बघा. रक्तात प्लेटलेट घटलेल्या दिसल्या की डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, सहसा २८ दिवस. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला १५० मिलिग्रॅम. गोळी भाकरीच्या घासात द्या आणि वर पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. पुष्कळ कुत्री दोन-तीन दिवसांत उठून खायला लागतात. उठलं म्हणून औषध बंद करू नका. नाकातून वारंवार रक्त येत असेल आणि रक्त फार कमी झालं असेल, तर मात्र आशा कमी असते.

दुसरं कारण मान तिरपी होणं. म्हातारं कुत्रं सकाळी अचानक एका बाजूला कलंडतं, गोल गोल फिरतं, डोळ्यांची बुबुळं भराभर हलतात, उलटी होते. लोक याला लकवा समजतात आणि त्याच दिवशी सुई मागतात. पुष्कळदा हा आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास असतो. दोन-तीन दिवसांत उतार पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रं चालायला लागतं; मान थोडी तिरपी राहते एवढंच. तोवर त्याला पोत्यावर निजवा, पाणी तोंडाशी धरा, विहिरीच्या काठापासून दूर ठेवा.

तिसरं, लिंगावर किंवा योनीत फुलकोबीसारखी लाल गाठ आणि सतत ठिबकणारं रक्त. ही गाठ कुत्र्यांच्या संगातून पसरते आणि गावात खूप दिसते. दिसायला भयंकर असली तरी व्हिन्क्रिस्टीनची आठवड्याला एक सुई, अशा चार ते सहा सुयांत ती बहुतेक वेळा पूर्ण विरते. ही सुई शिरेतच द्यावी लागते, बाहेर सांडली तर मांस जळतं, म्हणून डॉक्टरकडेच.

भाकरीजवळ येतं, हुंगतं आणि परत जातं, असं असेल तर दात बघा. भूक आहे पण चावता येत नाही, हे पुष्कळ घरांत कळतच नाही. कण्या शिजवून, वरणात कालवून द्या. खाल्लं तर प्रश्न दातांचा.

कुत्री माजावर येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, पोट सुटलं, खालून घाण वास येणारा स्राव आला, तर गर्भाशयात पू झालेला असतो. इथे थांबायला वेळ नाही. ऑपरेशन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवं. वय, अंतर किंवा पैसा यामुळे ते शक्य नसेल, तर सुईचा निर्णयही तेवढ्याच लवकर घ्यावा लागतो.

जखमेत अळ्या पडल्या म्हणजे शेवट आला असं नाही. अळ्या चिमट्यानं वेचून, जखम धुऊन, डॉक्टरकडून औषध घेऊन ती बरी होते. पण कुत्रं उठत नाही, मुतात पडून राहतं आणि म्हणून बऱ्या झालेल्या जागी पुन्हा अळ्या पडतात, तेव्हा प्रश्न अळ्यांचा नसतो.

बरे न होणारे आजार वेगळे. तोंडाला अमोनियासारखा वास, तोंडात फोड, रोजच्या उलट्या आणि रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बसली की वाढणारा घटक) ५ च्या वर, पोटात पाणी भरून रात्री बसल्या बसल्या धापा, पोटातली गाठ फुटून अचानक पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, हाडाची गाठ, मागचे पाय लुळे आणि लघवीवर ताबा नाही. यांतलं काही डॉक्टरनं सांगितलं, तर पुढचं वाचा.

एक गोष्ट अगदी वेगळी ठेवा. लस न दिलेलं कुत्रं अचानक वागणं बदलतं, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, दिसेल त्याला चावतं: हे पिसाळणं असू शकतं. त्याला हात लावू नका, औषध पाजायला जाऊ नका, कोंडून ठेवा आणि डॉक्टरला कळवा. कुणाला चावलं किंवा जखमेवर लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

दुखणं मोजायचं कसं

गावचं कुत्रं दुखलं तरी फारसं विव्हळत नाही. त्याचं दुखणं असं दिसतं: रात्री जागा बदलत राहतं, आडवं होत नाही, एकच सांधा चाटत राहतं, पोट आत ओढून उभं राहतं, आणि ज्या पोट्ट्याला जन्मात कधी गुरगुरलं नाही त्याच्यावर गुरगुरतं.

श्वास मोजा. गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या आत असायला हवेत. पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर असताना मोजलेल्या धापांना काही अर्थ नाही, धडधाकट कुत्रंही तेव्हा धापा टाकतं. पहाटे पाचला, ते झोपलेलं असताना, छातीचं वरखाली होणं पूर्ण एक मिनिट मोजा. लागोपाठ तीन पहाटे ४० च्या वर आलं तर फुप्फुस किंवा हृदयाचं दुखणं आहे असं समजून डॉक्टरला सांगा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी खूण करा: चांगल्या दिवसाला बरोबरची, वाईट दिवसाला फुली. त्यासाठी त्या कुत्र्याच्या आवडीच्या तीन गोष्टी आधी ठरवा. मालक वावरातून आला की फाटकापर्यंत येणं, भाकर खाणं, रात्री अनोळखी माणसावर भुंकणं, अशा. तिन्हींतल्या दोन झाल्या तर दिवस चांगला. खूण त्यानंच करावी जो त्याला रोज खाऊ घालतो. शहरातून आठवड्यानं येणाऱ्या मुलाचं मत ऐका, पण खूण त्याची नको. चौदा दिवसांत फुल्या सातच्या वर गेल्या, तर उत्तर तुमच्यासमोर आहे.

याहून बारीक मोजायचं असेल, तर अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची पद्धत आहे. वेदना (श्वास यातच), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त का, या सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असली तर सांभाळणं चालू ठेवता येतं. पण बेरजेवर विसंबू नका. श्वासाला शून्य आणि बाकी सगळ्यांना सात दिले तरी बेरीज ४२ होते, आणि श्वास कोंडलेल्या जनावराला ते ४२ काही कामाचे नाहीत.

या चौदा दिवसांत एका गोष्टीनं हिशेब फसतो: स्टेरॉइडची सुई. ती दिली की कुत्रं दोन दिवस उठतं, खातं, सगळे म्हणतात वाचलं. औषध उतरलं की ते पुन्हा पडतं. स्टेरॉइड दिलं का, हे डॉक्टरला स्पष्ट विचारा आणि ते दिवस कॅलेंडरवर वेगळ्या रंगानं लिहा.

माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बसतात; पॅरासिटामॉल यकृत बिघडवतं. सांधेदुखीला डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतात, पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ आणि पुढे दिवसातून एकदा ०.१ मिलिग्रॅम, खाल्ल्यावर. मूत्रपिंडं खराब असतील किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तेही चालत नाही. वजन नक्की हवं: कापूस मोजायच्या लटकत्या काट्याला पोत्याची झोळी बांधून वजन घेता येतं, किंवा माणसानं कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

दिवस ठरवणं

जे कुत्रं कालपर्यंत चार पावलं चाललं, त्याला आज सुई देणं मनाला पटत नाही. म्हणून लोक शेवटच्या रात्रीपर्यंत थांबतात, आणि नेमकं रात्री दोन वाजता गावात कुणी डॉक्टर नसतो. खेड्यात हा हिशेब शहरापेक्षा कडक आहे. ठरलं की आठवड्याच्या आतला कामाचा दिवस ठरवा, सकाळची वेळ, शनिवार-रविवार किंवा सण तोंडावर असेल तर त्याच्या आधी.

सुई नोंदणीकृत पशुवैद्यानंच द्यायची, म्हणजे पशुधन विकास अधिकारी किंवा खासगी डॉक्टर. पशुधन पर्यवेक्षकाला तो निर्णय घेता येत नाही. दवाखाना दूर असेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करा. अवघड तपासणीला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. फोनवर आधीच तीन प्रश्न विचारा: घरी याल का, औषध तुमच्याकडे आहे का, आणि आधी गुंगीची सुई देणार का?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. शांत मरण देणारं पेंटोबार्बिटल हे औषध आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून बरेच डॉक्टर थायोपेंटोन या बेशुद्धीच्या औषधाचा जादा डोस देतात आणि त्यानंतर कधी हृदय थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड. ही शेवटची दोन औषधं पूर्ण बेशुद्धीतच द्यायची असतात. शुद्धीत असताना दिली तर आत भयंकर हाल होतात, आणि मॅग्नेशियम सल्फेटनं हालचाल थांबते म्हणून ते बाहेरून कळतही नाहीत. 'गुंगीची गरज नाही, एका सुईत होतं' असं कुणी म्हणालं तर दुसरा डॉक्टर बघा. स्ट्रिक्निननं मारणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. भाकरीतून थिमेट किंवा फवारणीचं औषध घालणं हेही तितकंच क्रूर: फेस, झटके, आणि ते विष नंतर दुसऱ्या कुत्र्याला, कावळ्याला, घारीला.

त्या सकाळी पोटभर खाऊ घालू नका, गुंगीच्या सुईतल्या झायलाझिननं उलटी होते. आवडीचे एक-दोन घास चालतील. त्याच्या नेहमीच्या जागेवर, सावलीत, जुनं पोतं अंथरून घ्या; घरचं दुसरं कुत्रं त्या वेळी दूर बांधा. दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून सुती पट्टीनं तोंड बांधता येतं, पण धाप लागलेल्या किंवा उलट्या करणाऱ्या कुत्र्याचं बांधायचं नाही. गुंगी चढायला १० ते १५ मिनिटं द्या. म्हाताऱ्या, पाणी कमी झालेल्या कुत्र्याची शीर सापडत नाही, डॉक्टर दोन-तीनदा टोचतील. पायाला सलाइनची बारीक नळी आधी बसवली तर बरं, कारण थायोपेंटोन शिरेबाहेर गेलं की जळजळतं. शिरेत औषध गेल्यावर एक-दोन मिनिटांत सगळं थांबतं. डोळे उघडेच राहतात, एखादा खोल श्वास येतो, स्नायू थरथरतात, लघवी होते. हे मेल्यानंतरचं आहे, ते शुद्धीवर येतंय असं नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. डॉक्टरांना स्टेथोस्कोपनं पूर्ण पाच मिनिटं छाती ऐकायला सांगा.

खड्डा

शव उकिरड्यावर, नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला टाकायचं नाही. बेशुद्धीचं औषध मांसात टिकून राहतं आणि ते खाणारं जनावर मरू शकतं. गडचिरोलीत गिधाडं टिकवायची धडपड अनेक वर्षांची आहे, पेंच आणि ताडोब्यात २०२४ मध्ये पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं सोडली. डायक्लोफिनॅक २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झालं ते अशीच औषध मुरलेली मढी खाऊन मरणाऱ्या गिधाडांसाठीच.

खड्डा ५ फूट खोल घ्या, शवाच्या वर किमान ३ फूट माती यायला हवी. विहीर, बोअर आणि नाल्यापासून १०० फूट तरी दूर. काळ्या मातीत उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात, त्यातून वास वर येतो आणि कोल्हे, डुकरं उकरतात. म्हणून धुऱ्यावरची मुरमाड जागा बरी. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत पावसाळ्यात पाणी वर येतं, तिथे खड्डा नकोच, उंचवट्यावर घ्या. मे महिन्यात जमीन टिकासनं फुटत नाही, तेव्हा आदल्या दिवशी पाणी सोडून ठेवा आणि खड्डा डॉक्टर यायच्या आधी तयार ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, सुती कापड किंवा ताग चालेल. चुना वासापुरता, तो खोलीची भरपाई करत नाही. वर दगड आणि बाभळीच्या काट्या.

पुरायच्या आधी दुसऱ्या कुत्र्याला सोडून हुंगू द्या. नाहीतर काही कुत्री दिवसेंदिवस शोधत राहतात. त्याच दिवशी अंथरलेलं पोतं जाळा आणि निजायच्या जागेवर उकळतं पाणी ओता, भेगांमध्येसुद्धा. शरीर थंड पडलं की गोचिड्या ते सोडून निघतात, आणि जवळचं अंग म्हणजे दुसरं कुत्रं किंवा कोठ्यातली शेरडं.