सुपरहिरो कॉमिक्समधला काळ कसा मोजावा

पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, ऑगस्ट १९६२ अशी तारीख असलेल्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात पहिल्यांदा आला, तेव्हा तो शाळेत शिकणारा मुलगा होता. मुखपृष्ठांवरील तारखांवरून त्याचे वय काढले, तर आज तो पंच्याहत्तरी ओलांडलेला गृहस्थ ठरतो. आजच्या अंकांत मात्र तो अजूनही पैशांच्या विवंचनेत असलेला, तिशीच्या आसपासचा तरुणच आहे. मार्व्हल आणि डीसी या अमेरिकी प्रकाशनसंस्थांच्या कथा नव्याने वाचू लागणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत जास्त गोंधळात टाकते. काळ कोणत्या टोकाकडून मोजायचा हे आधी ठरवले, तर हा गोंधळ बराचसा दूर होतो.

सर्वप्रथम मुखपृष्ठावरील तारीख बाजूला ठेवावी. तिथे छापलेला महिना कथेतला नसतो, आणि पूर्वी तर तो अंक विक्रीस आल्याचा महिनाही नसे. विक्रेत्यांनी अंक शक्य तितके दिवस मांडून ठेवावेत म्हणून प्रकाशक पुढची तारीख छापत असत. ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ असे असले, तरी तो डिसेंबर १९४० मध्येच दुकानांत आला होता. कोणती कथा आधी छापली गेली हे पाहण्यासाठी ही तारीख उपयोगी आहे, पण पात्राचे वय काढण्यासाठी ती वापरू नये.

त्यानंतर ‘आज’ हा बिंदू पक्का करून मागे मोजत जावे. मार्व्हलच्या कथांमधील वर्तमान नेहमी वाचकाच्या वर्तमानाबरोबर चालतो आणि भूतकाळ त्याच्यामागून सरकत येतो. या पद्धतीला स्लायडिंग टाइमस्केल म्हणतात. फँटास्टिक फोर या चौघा वीरांच्या गटाचे अंतराळउड्डाण नोव्हेंबर १९६१ च्या अंकात छापले गेले आणि मार्व्हलच्या आधुनिक विश्वाचा आरंभ तिथून धरला जातो. आपल्या टिपणवहीत मात्र ते ‘१९६१’ असे न लिहिता ‘आजपासून साधारण पंधरा वर्षांपूर्वी’ असे लिहावे. प्रकाशनाच्या चार वर्षांना कथेतले एक वर्ष, असे एक ढोबळ प्रमाण जुने वाचक वापरतात आणि एकूण हिशेबाला ते पुरते.

एखाद्या पात्राच्या बारीक हिशेबाला मात्र ते पुरत नाही, कारण कथेतला काळ एकाच वेगाने चालत नाही. पीटरचेच उदाहरण घ्यावे. त्याची शाळा ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या मालिकेच्या सप्टेंबर १९६५ च्या २८व्या अंकात संपली, म्हणजे छपाईच्या तीन वर्षांत त्याची साधारण तीनच वर्षे गेली. महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ मात्र ऑक्टोबर १९७८ च्या १८५व्या अंकात आला, म्हणजे चार वर्षांच्या शिक्षणाला छपाईची तेरा वर्षे लागली. पुढे १९८७ साली त्याचे लग्न झाले आणि त्यानंतर वेग इतका मंदावला की पानांवर काळ जाणवेनासा झाला. म्हणून वर्षे मोजण्याऐवजी टप्पे मोजावेत: शाळा, महाविद्यालय, नोकरी, लग्न, मूल. प्रत्येक टप्प्याला प्रत्यक्ष आयुष्यात जितका वेळ लागतो तितकाच द्यावा, आणि त्या दोन टप्प्यांमधले शेकडो अंक तेवढ्या वेळात बसवावेत. २००७ च्या अखेरीस प्रकाशकांनी पीटरचे लग्न पुसून टाकले, तेव्हा टप्पा नाहीसा झाला, पण त्या टप्प्यात गेलेला काळ परत आला नाही. हिशेबात ती वर्षे तशीच राहू द्यावीत. लहान मुलांकडे मात्र विशेष सावधपणे पाहावे. फँटास्टिक फोरमधला फ्रँकलिन रिचर्ड्स १९६८ साली जन्मला आणि पुढची अनेक दशके बालकच राहिला, त्यामुळे केवळ मुलांच्या वयावरून मोठ्यांचे वय काढल्यास उत्तर चुकते.

खरी कसोटी लागते ती कथा इतिहासातील घटनेला बांधलेली असते तेव्हा. अशा प्रत्येक घटनेबद्दल एकच प्रश्न विचारावा: ही घटना बदलली तर पात्र तेच राहते का? मार्च १९६३ च्या कथेत शस्त्रनिर्माता टोनी स्टार्क व्हिएतनाममध्ये जखमी होऊन पकडला जातो आणि आयर्न मॅन बनतो. २००५ च्या सुमारास हीच घटना अफगाणिस्तानात घडल्याचे दाखवले गेले आणि २०१९ मध्ये मार्व्हलने सियानकाँग या काल्पनिक देशातल्या युद्धाशी ती जोडली. स्टार्कला एक परके युद्ध आणि स्वतःच्याच व्यवसायाशी झालेली गाठ पुरेशी असल्यामुळे हा बदल त्याला सोसतो.

कॅप्टन अमेरिकेला तो सोसत नाही. दुसऱ्या महायुद्धाशिवाय त्याला अर्थच उरत नाही, म्हणून त्याची एक बाजू, म्हणजे बर्फात गोठण्याची घटना, १९४५ ला खिळलेली राहते आणि दुसरी, म्हणजे बर्फातून जागे होण्याची घटना, दरवर्षी पुढे सरकते. मार्च १९६४ च्या ‘ॲव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात तो सापडला, तेव्हा तो सुमारे वीस वर्षे गोठलेला होता आणि त्याच्या पिढीची माणसे मध्यमवयीन होती. आज हा अवधी साठ वर्षांच्या पुढे गेला आहे आणि त्याचे जवळपास सगळे जग नाहीसे झाले आहे. ही अडचण सांभाळताना नातीही बदलावी लागली: त्याची आजची सहकारी शॅरन कार्टर पूर्वी त्याच्या युद्धकाळातल्या प्रेयसीची, पेगी कार्टरची, धाकटी बहीण होती, पुढे तिला भाची करण्यात आले. माझ्या मते सरकत्या काळाने या एका पात्राचे नुकसान न करता भलेच केले आहे, कारण त्याचे एकाकीपण दर दशकात आपोआप गडद होत जाते आणि त्यासाठी लेखकाला नवे काहीच घडवावे लागत नाही.

एक्स-मेन कथांमधल्या मॅग्नेटो या खलनायकाचीही तीच गोष्ट आहे. तो ऑशवित्झ या नाझी छळछावणीतून वाचलेला मुलगा होता हे १९८१ साली सांगितले गेले आणि ते खिळलेलेच राहिले पाहिजे. सुदैवाने १९७४ च्या एका कथेत त्याचे तान्ह्या बाळात रूपांतर झाले होते आणि पुढे १९७७ मध्ये त्याला पुन्हा ऐन उमेदीचे वय मिळाले होते. त्याचे शरीर त्याच्या जन्मसालापेक्षा तरुण का, याचे उत्तर तिथे मिळते.

डीसीच्या बाबतीत कृती वेगळी आहे. तिथे काळ सरकतो, तसाच अधूनमधून पुन्हा शून्यापासून मांडला जातो. म्हणून अंक हाती घेताच तो कोणत्या मांडणीतला हे आधी पाहावे. १९८५–८६ चे ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’, १९९४ चे ‘झिरो अवर’ आणि २०११ चे ‘न्यू ५२’ या तीन सीमारेषा लक्षात ठेवाव्यात आणि त्यांच्या दोन बाजूंची वये एकमेकांत मिसळू नयेत. ‘न्यू ५२’ने वीरांचा सगळा भूतकाळ सुमारे पाच वर्षांत कोंबला, पण बॅटमॅनचे एकामागून एक रॉबिन झालेले चारही तरुण साथीदार, त्यांतला एक म्हणजे त्याचा दहा वर्षांचा मुलगा डेमियन, त्या पाच वर्षांत नीट बसेनात. २०१६ मध्ये कोणीतरी वीरांच्या आयुष्यातली दहा वर्षे चोरल्याचे कथेतच सांगावे लागले.

फँटमने हा प्रश्न पिढ्यांनी सोडवला आहे. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकांना वेताळ म्हणून भेटलेला हा नायक घराण्यातला एकविसावा आहे.

काही मालिका खऱ्या काळानुसार चालतात आणि तिथे वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून दिनदर्शिकाच वापरावी. १९९२ पासूनच्या ‘सॅव्हेज ड्रॅगन’ मालिकेतल्या पात्रांचे वय वाचकांबरोबर वाढत जाते. ब्रिटनमधील जज ड्रेडची पहिली कथा १९७७ मध्ये छापली गेली आणि ती २०९९ सालात घडते. पुढेही हे अंतर टिकले आहे, त्यामुळे छपाईच्या सालात १२२ मिळवले की कथेतले साल मिळते.