इंग्रजी विभागात नवे आहात? आधी प्रश्नपत्रिका मागा

सेट-नेट ही पात्रता परीक्षा झाली, मुलाखत झाली, तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर का होईना पण इंग्रजी विभागात नेमणूक मिळाली, की बहुतेक नवे प्राध्यापक आधी नेमलेल्या पुस्तकांची यादी विचारतात. माझे सांगणे असे, की त्याआधी मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घ्या. संलग्न महाविद्यालयात मुलांपर्यंत पोहोचतो तो प्रश्नपत्रिकेतला अभ्यासक्रम. कादंबरी कितीही नवी नेमली आणि प्रश्न मात्र ‘शीर्षकाची समर्पकता सांगा’ हाच राहिला, तर मुले गाइड घेतात, चार उत्तरे पाठ करतात आणि पास होतात. कादंबरी उघडायची वेळच येत नाही.

आमच्या विभागाने अंतर्गत मूल्यमापनात दहा गुणांना न शिकवलेली कविता द्यायला सुरुवात केली, तेव्हा स्टाफरूममध्ये बराच वाद झाला. ग्रामीण मुलांना हे झेपणार नाही, असे बहुतेकांचे मत होते. आटलेल्या विहिरीवरची एक छोटी कविता दिली होती. एका मुलीने लिहिले, ‘ही बाई “यू” म्हणते ते विहिरीला की नवऱ्याला, हे कवी शेवटपर्यंत कळू देत नाही.’ मूळ इंग्रजी वाक्यात स्पेलिंगच्या तीन चुका होत्या आणि क्रियापदाचा काळ बिघडलेला होता. पण कविता तिने वाचली होती, आणि तिच्या आत शिरून वाचली होती. अशा काही उत्तरपत्रिकांच्या प्रती आम्ही नावे झाकून अभ्यासक्रम पुनर्रचनेच्या कार्यशाळेत नेल्या. तिथे भाषणांपेक्षा त्या कागदांचा उपयोग झाला. नव्या प्राध्यापकाला कोणी मंडळावर घेत नाही, हे खरे. पण असा पुरावा जमवायला कोणत्याही पदाची गरज लागत नाही.

मंडळ म्हणजे अभ्यास मंडळ. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अभ्यासक्रमाचा आराखडा इथे तयार होतो आणि विद्याशाखेमार्फत विद्या परिषदेकडे मंजुरीला जातो. मंडळावर काही जण नामनिर्देशित असतात, तर काही विभागप्रमुखांमधून निवडून येतात. म्हणून तुमचे विभागप्रमुख मतदार यादीत आहेत का, ते बैठकांना जातात का, परत आल्यावर विभागाला काही सांगतात का, हे जरूर विचारा.

आता कार्यभार. पुस्तकांवरच्या चर्चेत याचा उल्लेख क्वचित होतो, पण निम्मे निर्णय यावरच ठरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन धरले आहे. आमच्याकडे कंपल्सरी इंग्लिशला आठवड्याला चार तास होते. तीन तुकड्यांचे बारा तास. नव्या शैक्षणिक धोरणात त्याच्या जागी दोन श्रेयांकांचा एईसीचा (अ‍ॅबिलिटी एन्हान्समेंट कोर्स, म्हणजे भाषाकौशल्याचा) पेपर आला. दोन श्रेयांक म्हणजे सत्राला ३० तास, आठवड्याला दोन. बाराचे सहा झाले. तास घटले की शिक्षकाची जागाही धोक्यात येते. अशा वेळी नवा पेपर सुचवणारा प्राध्यापक मुलांच्या गरजेविषयी बोलत असतो, तसा एखाद्या सहकाऱ्याची जागा वाचवण्याविषयीही बोलत असतो. त्याला लगेच स्वार्थी ठरवू नका. पण केवळ तास भरावेत म्हणून ‘कम्युनिकेशन स्किल्स’ नावाचा तोच मजकूर तीन वेगळ्या शीर्षकांनी शिकवायची वेळ आली, तर बैठकीत स्पष्ट बोला. त्यात मुलांचे सरळ नुकसान आहे.

पुस्तक का नेमले, हे लिहून ठेवण्याची सवय विभागाला लावा. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी काढली गेली. शिवसेनेच्या विद्यार्थी सेनेच्या तक्रारीनंतर कुलगुरूंनी तातडीचे अधिकार वापरून तो निर्णय घेतला. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाने बी.ए. ऑनर्स इंग्रजीतून महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ ही कथा आणि बामा व सुकीर्तराणी या तमिळ दलित लेखिकांचे लेखन वगळले. तेव्हा विद्या परिषदेच्या १५ सदस्यांनी लेखी असहमती दिली. दोन्ही निर्णय मला चुकीचे वाटतात. दिल्लीत निर्णय फिरला नाही, पण विरोध कागदावर राहिला, पुढच्या समितीला तो वाचावा लागेल. तुमच्या विभागाच्या इतिवृत्तात ‘चर्चा होऊन सर्वानुमते मान्य’ एवढेच असेल, तर हरकत आल्या दिवशी तुमच्या हातात काहीच नसेल. कोणता लेखक, कोणत्या उद्दिष्टासाठी, कोणत्या मुलांना समोर ठेवून नेमला, हे दोन-तीन ओळींत तरी नोंदवा.

विभागप्रमुखपद बहुतेक ठिकाणी सेवाज्येष्ठतेने येते, त्यामुळे ते कधी मिळेल याची काळजी करू नका. प्रमुख कसा आहे हे पाहायचे असेल, तर जूनमध्ये पेपरवाटप कसे होते ते पाहा. बऱ्याच विभागांत स्पेशलचे, म्हणजे इंग्रजी मुख्य विषय घेणाऱ्यांचे, पेपर ज्येष्ठांकडे राहतात आणि ऐंशी-नव्वद मुलांचा पहिल्या वर्षाचा वर्ग तासिका तत्त्वावरच्या, सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे जातो. मुलांचे इंग्रजीशी नाते जुळते किंवा तुटते ते याच वर्गात. चांगले प्रमुख हा वर्ग स्वतः घेतात. असे प्रमुख तुम्हाला मिळाले, तर पहिल्या सत्रात त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. नाही मिळाले आणि तो वर्ग तुमच्याकडेच आला, तर प्रश्नपत्रिका काढण्याचे कामही मागून घ्या.