रचना आणि समीक्षालेखनाच्या फेलोशिपसाठी अर्ज कसा बांधावा

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला रेखाटनाची सवय पहिल्या वर्षापासून लागते. लिहिण्याची सवय मात्र बहुतेकांना शेवटच्या वर्षी, प्रबंध समोर येऊन ठाकल्यावर, नाइलाजाने लावून घ्यावी लागते. म्हणूनच रचना आणि लेखन या दोन्हींना पाठबळ देणाऱ्या फेलोशिपसाठी अर्ज करताना अनेक जण आधी चित्रे पूर्ण करतात आणि नंतर त्यांना शोभेल असा मजकूर खाली चिकटवतात. निवड समितीला हे ठिगळ पहिल्याच पानावर दिसते. अर्ज एकाच प्रश्नातून उभा राहायला हवा, आणि त्या प्रश्नाचा कोणता भाग लिहून उलगडायचा व कोणता रेखाटून, हे आधी ठरलेले असावे.

प्रश्न हाती घेण्यापूर्वी आपण कोणत्या दारात उभे आहोत, हे पाहावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील वास्तुकला विभागात १९९८ मध्ये सुरू झालेले बर्कली पारितोषिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी होते; त्यात आधी ५०० शब्दांचा प्रस्ताव मागवला जाई, आणि त्यातून पुढे गेलेल्यांना सुमारे २,५०० शब्दांचा निबंध लिहावा लागे. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या प्रेसिडेंट्स मेडल्समध्ये प्रबंधासाठी स्वतंत्र पदक आहे. पण तिथे विद्यार्थी परस्पर अर्ज करत नाही, त्याचे काम विद्यालय पाठवते. याच संस्थेची २००६ मध्ये स्थापन झालेली नॉर्मन फॉस्टर प्रवास शिष्यवृत्ती एका विद्यार्थ्याला प्रवास-संशोधनासाठी पैसे देते. शिकागोच्या ग्रॅहम फाउंडेशनचा कार्टर मॅनी पुरस्कार डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी आहे आणि त्यासाठीही विभागाचे नामांकन लागते. नियम आणि मुदती बदलत राहतात, त्यामुळे चालू वर्षाची सूचना मुळातून वाचावी. जिथे नामांकन विद्यालयाकडून जाते, तिथे खरी मुदत जाहीर तारखेच्या बरीच आधी, विभागाच्या अंतर्गत निवडीच्या वेळीच संपते. हे लक्षात न आल्यामुळे चांगले काम घरीच राहते.

आता प्रस्तावाकडे वळू. पाचशे शब्दांचा प्रस्ताव पाच हजार शब्दांच्या निबंधापेक्षा अवघड असतो, असे माझे मत आहे, कारण त्यात लपायला जागा नसते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या मसुद्याची सुरुवात बहुधा अशी होते: ‘सार्वजनिक इमारती सर्वांसाठी खुल्या असाव्यात, परंतु आजच्या वास्तुकलेत सर्वसमावेशकतेचा अभाव जाणवतो.’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते कोणत्याही इमारतीबद्दल आणि कोणालाही लिहिता आले असते. तोच विद्यार्थी जागेवर जाऊन दोन तास थांबला, तर लिहील: ‘या वाचनालयाच्या मुख्य दारापुढे सात पायऱ्या आहेत, आणि चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार मागच्या बाजूला, पुस्तकांची खोकी उतरवण्याच्या दारापाशी आहे; म्हणजे काही वाचक या इमारतीत मालाबरोबर शिरतात.’ दुसऱ्या वाक्यात निरीक्षण आहे, मतही आहे, आणि ‘सर्वसमावेशकता’ हा शब्द एकदाही आलेला नाही.

याच ठिकाणी रेखाटन लेखनाला येऊन मिळते. प्रत्येक पायरी पंधरा सेंटिमीटर उंच धरली, तर सात पायऱ्यांची चढण १०५ सेंटिमीटर होते. अनेक देशांच्या नियमांत उताराची कमाल मर्यादा १:१२ असते, म्हणजे एक मीटर चढायला किमान बारा मीटर लांबी लागते. त्या हिशेबाने उतार किमान १२.६ मीटर लांब हवा, आणि मधला सपाट टप्पा धरला तर त्याहूनही जास्त. दर्शनी अंगणात एवढी जागा नव्हती, की ती होती पण दर्शनी भागाची सममिती मोडू नये म्हणून वापरली नाही? या प्रश्नाचे उत्तर केवळ मजकुरातून मिळत नाही. दोन्ही दारांतून जाणारे सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर आत जे दिसेल त्याची चित्रे, एकाच प्रमाणात, एकाखाली एक काढले, तर समीक्षेला पुरावा मिळतो आणि त्यातूनच पर्यायी रचनेचा मुद्दा निघतो. पोर्टफोलिओत अशी दोन चित्रे पुरेशी असतात. संगणकावर रंगवलेली वीस झगमगीत चित्रे, म्हणजे रेंडर, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

समीक्षा म्हणजे दोष काढणे नव्हे. वास्तुकाराने कोणत्या अडचणीत कोणता निर्णय घेतला, हे समजून घेतल्याशिवाय केलेली टीका स्टुडिओतल्या घाईच्या ज्युरीसारखी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाच्या धावत्या परीक्षणासारखी, वाटते. मूळ नकाशे मिळाले तर पाहावेत. रोज तिथे येणाऱ्या माणसांशी बोलावे. त्यांचे शब्द किंवा छायाचित्रे वापरायची असतील, तर आधी परवानगी घ्यावी आणि इतरांच्या विचारांचा उल्लेख त्यांच्या नावासह करावा.

अंदाजपत्रक हाही प्रस्तावाचाच भाग असतो. प्रवास व निवासाखेरीज विमा, व्हिसा, दुभाष्याचे मानधन आणि जुन्या छायाचित्रांच्या छपाई-हक्कांचा खर्च त्यात आठवणीने धरावा. कामाचे वेळापत्रक लिहिताना लेखनासाठी निम्म्याहून कमी वेळ ठेवलेला असेल, तर ते पुन्हा मांडावे, कारण प्रवास संपला की काम संपले, असा गैरसमज तिथूनच सुरू होतो.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान तीन आठवडे द्यावेत, आणि केवळ विनंती न करता प्रस्तावाचा मसुदा व आपल्या आधीच्या एखाद्या कामाची आठवण करून देणारे चार ओळींचे टिपण सोबत द्यावे. तुमचे रेखाटन ज्यांनी पाहिले त्यांच्यापेक्षा तुमचे लेखन ज्यांनी दुरुस्त केले, त्यांचे पत्र अशा ठिकाणी अधिक वजनाचे ठरते, मग त्यांचे पद लहान असले तरी चालेल.

मसुदा तयार झाल्यावर तो वास्तुकलेशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा आणि ती जिथे अडेल तिथे खूण करावी. मग शब्दसंख्या मोजावी. मर्यादा ओलांडलेली असेल, तर विशेषणे आधी काढावीत, मोजमापे शेवटी. काही स्पर्धांत परीक्षकांना अर्जदाराचे नाव कळू द्यायचे नसते. अशा वेळी पहिल्या पानावरून नाव खोडून भागत नाही. फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून ते नोंदलेले असते आणि रेखाचित्राच्या कोपऱ्यातल्या शीर्षकपट्टीतही विद्यालयाच्या नावासह राहून जाते. ही दोन्ही ठिकाणे तपासून मगच फाइल पाठवावी.