सोफ्याचा कुबट वास काढण्याआधीची तयारी

कुबट वास येतो म्हणजे आत कुठेतरी ओल आहे किंवा होती, आणि तिच्यावर बुरशी पोसली गेली आहे. बुरशी वाढताना वायुरूप रसायने सोडते आणि नाकाला जाणवतात ती हीच. त्यामुळे सोफा किंवा गादीची खुर्ची साफ करायला घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात: ओल कुठून आली याचा शोध, आणि सगळे सामान पुन्हा खडखडीत वाळवण्याची सोय. साबण, सोडा, व्हिनेगर यांचा नंबर त्यानंतर लागतो. वाळवण्याची सोय नसताना ओला फडका फिरवलेला सोफा काही दिवसांत आधीपेक्षा जास्त वास मारतो, कारण वरून दिलेले पाणी फोममध्ये उतरते आणि तिथून सहजी बाहेर पडत नाही.

म्हणून आधी दिवस निवडा. ओल्या कापडावर आणि भरावावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणजे ओले काम आणि वाळवणे हे सगळे त्या आत संपायला हवे. सलग दोन कोरडे दिवस मिळतील असे पाहा आणि काम सकाळी सुरू करा. खोलीत एक आर्द्रतामापक ठेवा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असलीच पाहिजे, ५०च्या आसपास असेल तर उत्तम. बाहेरची हवा कोरडी असेल तर खिडक्या उघडून पंखा लावणे पुरते. बाहेर दमट असेल तर खिडक्या बंद करून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारे यंत्र) चालवा. दोन्ही एकदम करू नका. उघड्या खिडकीत डिह्युमिडिफायर दिवसभर बाहेरचेच पाणी ओढत बसतो. पंखे शक्य तर दोन घ्या, एक समोरून आणि एक खालच्या बाजूने, कारण सोफा वरून वाळला तरी पोटात ओला राहतो.

आता वासाचे मूळ शोधायची तयारी. सगळ्या सुट्या गाद्या आणि उशा काढा आणि प्रत्येक वेगळ्या मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. पिशव्या उबदार जागी चार-पाच तास ठेवा आणि मग एकेक उघडून वास घ्या. उबेत वास जास्त सुटतो, त्यामुळे नेमकी कोणती गादी दोषी आहे ते कळते. अनेकदा तीनपैकी एकच निघते आणि निम्मे काम वाचते. पिशवीच्या आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब दिसले तर त्या गादीत अजून ओल आहे, तिला आधी वाळवा. वास घ्यायला घरात सतत न वावरणारे कोणी मिळाले तर फार बरे. आपल्या नाकाला रोजचा वास काही वेळाने जाणवेनासा होतो.

गाद्या निर्दोष निघाल्या तर सोफा उलटा करा. तळाला पातळ काळे अस्तर स्टेपलने ठोकलेले असते. ते पूर्ण काढायची गरज नाही, मागची एक बाजू मोकळी केली तरी हात आणि टॉर्च आत जातो. त्यासाठी चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड लागेल, आणि अस्तर परत लावायला स्टेपल गन. आत काय पाहायचे? लाकडावरचे काळपट डाग, गंजलेल्या स्प्रिंगा आणि पिना, फुगलेला किंवा पापुद्रे सुटलेला प्लायवूड, पट्ट्यांवरची पांढरी किंवा हिरवट भुकटी. गंज जिथे सर्वांत जास्त तिथे पाणी सर्वांत जास्त काळ राहिले आहे. आणि सोफ्यामागची भिंतही तपासा. भिंतीला ओल असेल तर सोफा कितीही साफ केला तरी वास परत येणार. आधी भिंत दुरुस्त करा आणि मगच हे काम काढा.

कापडाचे लेबल शोधा. ते बहुधा गादीखाली किंवा अस्तरावर शिवलेले असते. त्यावर इंग्रजी ‘डब्ल्यू’ असेल तर पाण्याने साफ करता येते, ‘एस’ असेल तर फक्त ड्रायक्लीनिंगचे द्रावण, ‘डब्ल्यूएस’ असेल तर दोन्ही, आणि ‘एक्स’ असेल तर केवळ व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रश. ‘एस’ लिहिलेल्या कापडावर पाणी पडले की कडा उमटलेले डाग राहतात किंवा कापड आटते. लेबल नसेल तर मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, जे द्रावण वापरणार त्याचे काही थेंब लावा, पांढऱ्या फडक्याने टिपा आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ओले असताना ठीक दिसणारा रंग वाळल्यावर फिका पडलेला दिसू शकतो. फडके पांढरेच घ्या, म्हणजे त्यांचा स्वतःचा रंग कापडाला लागणार नाही आणि कापडाचा रंग सुटला तर लगेच कळेल.

स्वतःसाठी एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि बंद चष्मा. साधा कापडी मास्क बुरशीचे बीजाणू अडवत नाही. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांनी हे काम करू नये आणि त्या वेळी त्या खोलीतही थांबू नये. बुरशी एक चौरस मीटरहून जास्त पसरलेली दिसली तर व्यावसायिकांना बोलवा. पुराच्या किंवा सांडपाण्याने भिजलेल्या सोफ्याची तयारी एकच: तो टाकून देणे.

फोमच्या बाबतीत निर्णय आधीच घेऊन ठेवा. वास कापडात असेल तर तो निघतो. फोमच्या आत काळे-हिरवे ठिपके दिसत असतील तर तो फोम वाचत नाही. बुरशीचे तंतू त्याच्या छिद्रांत खोल गेलेले असतात आणि तिथे फडका, ब्रश, द्रावण काहीच नीट पोचत नाही. झिप उघडून एकदा डोळ्यांनी पाहा. बदलायचा असेल तर लांबी, रुंदी, जाडी मोजून नवा फोम आधी मागवा. बसायच्या गादीसाठी घनमीटरला ३२ ते ४० किलो घनतेचा फोम चांगला. त्याहून हलका लवकर दबतो. कापूस भरलेली गादी वाळायला फोमपेक्षा जास्त वेळ घेते, तेवढे दिवस हाताशी ठेवा.

सामान फार लागत नाही. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर, त्याला मऊ ब्रश आणि फटींत जाणारी अरुंद नळी. हेपा नसेल तर बीजाणू मागून हवेत फेकले जातात, तेव्हा ते काम उघड्यावरच करा. तीन जणांच्या सोफ्याला अर्धा ते एक किलो खायचा सोडा. तो कोरड्या कापडावरच पसरायचा, किमान आठ तास ठेवायचा, आधी ब्रशने झाडून बराचसा काढायचा आणि मग व्हॅक्यूम, कारण बारीक भुकटीने फिल्टर चोंदतो. ओल्या कापडावर पडलेल्या सोड्याचा पांढरा थर बसतो आणि विणीतून निघता निघत नाही. गडद मखमलीवर आणि चामड्यावर सोडा वापरूच नका. सोड्याकडून अपेक्षाही बेताची ठेवा: घाम, सांडलेले दूध असे आम्लधर्मी वास तो मारतो, बुरशीच्या वासावर मात्र त्याचा जोर कमी पडतो. त्यासाठी सक्रिय कोळसा (वास शोषून घेणारा, खास प्रक्रिया केलेला कोळसा) जास्त उपयोगी. गादी आणि कोळशाच्या जाळीदार थैल्या एकाच मोठ्या पिशवीत बंद करून दोन-तीन दिवस ठेवायच्या. थैल्या गादीला टेकू देऊ नका, काळा डाग लागतो.

पाणी चालणाऱ्या कापडासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, सगळ्या सोफ्याला मिळून अर्धा लिटर पुरे. स्प्रे बाटली २०–३० सेंटिमीटरवर धरून बारीक तुषार मारा. कापड हाताला जेमतेम दमट लागेल इतकेच, मग कोरड्या फडक्याने टिपा. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळताना उडून जातो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र कालवण्यात अर्थ नाही. दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते मुख्यतः खारट पाणी. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीच या कामात घेऊच नये, कापडाचा रंग जातो आणि गाभ्यातली बुरशी तशीच राहते. आतल्या उघड्या लाकडासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. खिडकी उघडी, जवळ कसलीही ज्योत नाही आणि पॉलिश केलेल्या पायांना त्याचा स्पर्श नाही, कारण लाखेचे पॉलिश त्याने विरघळते. लाकूड नीट वाळल्यावर लाखेचा एक हात दिला तर उरलेला वास आतच कोंडला जातो.

वाफेचे यंत्र बाजूला ठेवा. गरम वाफ पृष्ठभागावरची बुरशी मारते खरी, पण तेवढेच पाणी आत सोडते. वास मारायला ओझोन वायू सोडणारे ओझोन यंत्र फुफ्फुसांना घातक आहे आणि लेटेक्स फोम व रबरी पट्ट्या ठिसूळ करते. सुगंधी फवारे वास फक्त झाकतात, आणि मग मूळ वास गेला की नाही हेच कळत नाही. पाळीव प्राण्याच्या लघवीचा वास हे वेगळे प्रकरण आहे: त्याला एन्झाइम असलेले क्लीनर लागते आणि ते व्हिनेगरच्या आधी वापरायचे, कारण आम्लात एन्झाइम मंदावतात.

वाळवण्यासाठी जागा मोकळी करून ठेवा. गाद्या आडव्या न टाकता कडेवर उभ्या ठेवायच्या, झिपा उघड्या, दर दोन-तीन तासांनी बाजू बदलायची. ऊन मिळाले तर दोन-चार तास चांगले, पण रंगीत कापड उलट बाजूने ठेवा. लेटेक्स आणि चामडे उन्हात नको. पृष्ठभाग सहा-आठ तासांत कोरडा लागेल, तरी गाभ्याला आणखी एक दिवस द्या. मग पिशवीची चाचणी पुन्हा करा. थेंब नाहीत आणि वासही नाही तरच गाद्या परत चढवा. सोफा भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर दूर ठेवा, म्हणजे मागून हवा फिरेल. व्हॅक्यूमची धुळीची पिशवी बाहेर नेऊन बंद पिशवीत टाका आणि वापरलेले फडके गरम पाण्यात धुवा.