डार्टमध्ये मॉक करताना नल सेफ्टी: या चुका टाळा

डार्ट भाषेत युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या छोट्या भागाची चाचणी, लिहिताना खऱ्या क्लासच्या जागी नकली क्लास, म्हणजे मॉक, ठेवतात; मॉकिटो ही त्यासाठीची लायब्ररी. मॉकने कुठल्या कॉलला काय उत्तर द्यायचं ते ‘व्हेन’मध्ये ठरवतात. त्या ‘व्हेन’च्या आत एखाद्या मेथडला ‘एनी’ दिलं की त्याखाली लाल रेघ येते. नल (म्हणजे किंमतच नसणं) हा टाइप स्ट्रिंग पॅरामीटरला चालणार नाही, असं कंपायलर सांगतो. पुढे नवी मुलं काय करतात ते मी ऐरोलीच्या ऑफिसात रोज कोड रिव्ह्यूमध्ये बघते. रेघ का आली हे बहुतेक जण वाचतच नाहीत, ती घालवायच्या मागे लागतात.

कारण समजून घ्यायला दोन मिनिटं पुरतात. मॉकिटोचं ‘एनी’ स्वतः नलच परत देतं. ‘इथे काहीही चालेल’ अशी नोंद ते बाजूला करून ठेवतं आणि आर्ग्युमेंटच्या जागी नल सरकवतं. मार्च २०२१ मध्ये डार्ट २.१२ सोबत नल सेफ्टी आली, म्हणजे स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय नल चालेनासा झाला. त्याआधी कुठल्याही पॅरामीटरमध्ये नल खपायचा, त्यामुळे हे बिनबोभाट चाललं. म्हणूनच त्याआधीची उत्तरं शोधून चिकटवण्यात अर्थ नाही. जावाच्या मॉकिटोची तर नकोतच. तिथे दुसऱ्या आवृत्तीपासून टाइप दिलेलं ‘एनी’ नलला नाकारतं, डार्टचं ‘एनी’ नललाही हो म्हणतं. नाव एक असलं तरी लायब्ररी वेगळी आहे.

टेस्टसाठी मूळ कोडला प्रश्नचिन्ह लावणं

ही चूक दिसली की मी पुल रिक्वेस्ट (कोड सामील करायची विनंती) तिथेच परत पाठवते. टेस्ट कंपाइल होत नाही म्हणून मूळ क्लासमधल्या स्ट्रिंगपुढे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पॅरामीटर नलेबल (नल चालणारा) करून मोकळं व्हायचं!

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीसाठी मेंटेनन्स भरायचं ॲप होतं. पावती बनवणाऱ्या मेथडला फ्लॅट नंबर आणि विंग, दोन्ही रिक्वायर्ड, म्हणजे द्यायलाच हवेत. एका मुलाने टेस्ट चालावी म्हणून विंगचं ‘रिक्वायर्ड’ काढलं, प्रश्नचिन्ह लावलं आणि आत ‘नल असेल तर रिकामी स्ट्रिंग’ असं लिहिलं. टेस्ट हिरवी झाली, कोड मर्ज झाला. पुढे दुसऱ्याने नवा स्क्रीन केला आणि त्यात विंग द्यायची राहिली. आधी कंपायलरने त्याला तिथेच अडवलं असतं, आता तो गप्प बसला. नव्या स्क्रीनवरून भरलेले ए, बी आणि सी विंगच्या १०४ चे पैसे एकाच खात्यात पडू लागले.

खजिनदार काका पावत्यांचे प्रिंट घेऊन ऑफिसात आले. “अहो मॅडम, बी विंगवाल्यांनी वेळेवर पैसे भरलेत आणि आम्ही त्यांना थकबाकीची नोटीस काढली. त्यांना आता काय तोंड दाखवू?” त्यांच्यासोबत बसून एकेक नोंद बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहावी लागली. लाल रेघेचं कारण वाचायला दोन मिनिटं दिली असती, तर त्या माणसाला हा मनस्ताप झाला नसता.

नल घ्यायची सोय मॉकमध्ये हवी, मूळ कोडमध्ये नाही. डार्टमध्ये मेथड ओव्हरराइड करताना, म्हणजे उपक्लासमध्ये ती नव्याने लिहिताना, पॅरामीटर जास्त मोकळा करता येतो, म्हणजे स्ट्रिंगच्या जागी नलेबल स्ट्रिंग चालते. ‘जनरेटमॉक्स’ अॅनोटेशन (कोडवरची खूण) लावून बिल्ड रनर हे कोड बनवणारं टूल चालवलं की तयार होणाऱ्या मॉक क्लासमध्ये नेमकं हेच होतं. ‘एक्स्टेंड्स मॉक’ लिहून हाताने केलेल्या रिकाम्या क्लासमध्ये ते होत नाही.

व्हेरिएबलचा टाइप चुकवणं

मॉक जनरेट केला तरी लाल रेघ जात नाही, अशी तक्रार घेऊन मुलं येतात. त्यांच्या टेस्टच्या वरच्या ओळी बघा: ‘लेट पावतीरेपो रेपो’, आणि सेटअपमध्ये त्यात ‘मॉकपावतीरेपो’ भरलेला. व्हेरिएबलचा टाइप मूळ क्लासचा आहे, म्हणून कंपायलर मूळ मेथडच बघतो आणि तिला नल चालत नाही. टाइप ‘मॉकपावतीरेपो’ करा, काम झालं. मी रिव्ह्यूला बसले की आधी ही ओळ शोधते.

‘एनी’पुढे उद्गारचिन्ह लावू नका, किंवा ‘अॅज स्ट्रिंग’ही करू नका. कंपायलर गप्प होतो आणि टेस्ट चालवताच कोसळते.

फाइलच्या डोक्यावर डार्ट २.९ ची कॉमेंट टाकून नल सेफ्टी बंद करायची पळवाट मे २०२३ च्या डार्ट ३ ने कायमची बंद केली.

नेम्ड, म्हणजे नावाने द्यायच्या, पॅरामीटरला ‘एनीनेम्ड’ लागतं आणि त्यात नाव अक्षरशः तेच हवं.

‘एनी’सारख्या मॅचरशेजारी उघडा नल ठेवू नका. ‘एनी’ही नल आणि तुमचा नलही नल, मग कुठला मॅचर कुणाचा हे मॉकिटोला जुळवता येत नाही. तिथे ‘आर्गदॅट’मध्ये ‘इजनल’ गुंडाळून द्या.

मॉकटेल या दुसऱ्या मॉकिंग लायब्ररीत कोड जनरेट करावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण स्वतःच्या टाइपसाठी ‘एनी’ वापरण्याआधी ‘रजिस्टरफॉलबॅकव्हॅल्यू’ हवंच. मी ते ‘सेटअपऑल’मध्ये लिहिते आणि त्यात ‘फेक’ एक्स्टेंड केलेला छोटा क्लास देते. एरर मेसेजमध्ये हा उपाय स्पष्ट लिहिलेला असतो, तरी मुलं तो वाचण्याआधी चॅटवर विचारतात.

मॉकिटोच्या माहितीत ‘जनरेटनाइसमॉक्स’ची शिफारस आहे. मी तरी साधं ‘जनरेटमॉक्स’च घेते. स्टब, म्हणजे ‘व्हेन’मध्ये ठरवलेलं उत्तर, लिहायचा राहिला तर नाइस मॉक शून्य किंवा रिकामी लिस्ट देऊन पुढे जातो. साधा मॉक ‘मिसिंगस्टबएरर’ फेकतो आणि कुठली मेथड राहिली ते नावानिशी सांगतो.

आणि सगळीकडे ‘एनी’ पेरू नका. पावतीच्या टेस्टमध्ये मी फ्लॅट ‘१०४’ आणि विंग ‘बी’ असंच लिहिते. उद्या कुणी विंग गाळली, तर स्टब जुळत नाही आणि टेस्ट लाल होते.